धातूची छपाई शिकवताना : नव्या अध्यापकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे थरावर थर चढवून वस्तू बनवण्याची थ्रीडी छपाई, शिकवण्याची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर पडली की अध्यापकाच्या मनात सगळ्यात आधी यंत्राचा विचार येतो : कोणते घ्यावे, केवढे घ्यावे आणि ते येईपर्यंत वर्गात काय करावे. हा विचार काही काळ बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन. धातूची छपाई करणारे यंत्र प्रत्यक्ष चालू असते तो काळ विद्यार्थ्याला सर्वांत कमी शिकवतो. काचेआड ठिणग्या उडताना दिसतात, थोड्या वेळात त्यांचे नावीन्य ओसरते आणि यंत्र मात्र रात्रभर चालत राहते. महत्त्वाचे निर्णय यंत्राचे दार बंद होण्यापूर्वीच घेतलेले असतात आणि ते बरोबर होते की नाही, हे जॉब, म्हणजे छापलेला भाग, कापून, तोलून, घासून पाहिल्यावरच कळते. म्हणून शिकवण्याचा भर छपाईच्या आधी आणि नंतर असावा. विद्यार्थ्यांना धातुशास्त्राची आणि नेहमीच्या उत्पादन प्रक्रियांची प्राथमिक ओळख आहे आणि हातात साधारण एक सत्र आहे, असे गृहीत धरून पुढील क्रम मांडला आहे.

पहिला टप्पा : वर्गीकरण आणि इतिहास लवकर आटोपावा

आयएसओ/एएसटीएम ५२९०० या मानकाने सर्व ॲडिटिव्ह प्रक्रियांची सात गटांत विभागणी केली आहे. ही सात नावे पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक गटात कच्चा माल कोणत्या रूपात येतो आणि तो कशाने जोडला जातो, एवढे दोनच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावेत. उत्तरांतून तक्ता आपोआप तयार होतो. धातूच्या दृष्टीने त्यातील तीन गट विशेष महत्त्वाचे आहेत : पावडरचा थर पसरून तो लेझरने किंवा इलेक्ट्रॉन झोताने वितळवणारा, पावडर अथवा तार थेट वितळलेल्या जागी पुरवणारा, आणि पावडर बाइंडरने (चिकट द्रव्याने) चिकटवून नंतर भट्टीत सिंटर करणारा, म्हणजे पूर्ण न वितळवता तापवून कण एकमेकांना जोडणारा.

इतिहासही मोजकाच पुरे. चक हल यांनी स्टिरिओलिथोग्राफीच्या, म्हणजे द्रव राळ प्रकाशाने थराथराने घट्ट करण्याच्या पद्धतीच्या, पेटंटसाठी १९८४ मध्ये अर्ज केला आणि ते १९८६ मध्ये मंजूर झाले. त्याच दशकात टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड यांनी लेझरने पावडर सिंटर करण्याची पद्धत विकसित केली. धातूची पावडर पूर्णपणे वितळवण्याच्या पद्धतीवर जर्मनीत आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेत १९९० च्या दशकात काम झाले. सिंटर करणे आणि पूर्ण वितळवणे यांतला फरक मात्र येथेच ठासून सांगावा, कारण पुढे सूक्ष्मरचनेची चर्चा सुरू झाली की ज्यांना हा फरक उमगलेला नसतो ते मागे पडतात.

दुसरा टप्पा : प्लास्टिकच्या प्रिंटरवर सुरुवात, पण मर्यादा सांगून

तारेच्या रिळावर चालणारा साधा प्लास्टिक प्रिंटर हे शिकवण्याचे उत्तम साधन आहे. फाइल तयार करणे, तिच्यातील दोष शोधणे, जॉबची दिशा ठरवणे, स्लायसरमधील (आकृतीचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) प्रत्येक सेटिंगचा परिणाम पाहणे हे सारे त्यावर कमी खर्चात आणि निर्धास्तपणे करता येते. वस्तूचा पृष्ठभाग त्रिकोणांत नोंदवणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एकक नोंदवलेले नसते; मिलिमीटरऐवजी इंच समजले गेले की जॉब पंचवीस पट मोठा होतो, हे विद्यार्थ्यांना एकदा स्वतः अनुभवू द्यावे. वक्र पृष्ठभाग त्रिकोणांत मोडताना किती सूट ठेवली, यावर छापलेल्या गोलाईचा दर्जा ठरतो, हेही येथेच दाखवता येते.

याच टप्प्यावर जॉबच्या दिशेचा हिशेब फळ्यावर मांडावा. धातूच्या यंत्रात ६० मिलिमीटर उंचीचा ब्रॅकेट उभा ठेवला आणि थराची जाडी ०.०४ मिलिमीटर घेतली, तर १५०० थर होतात. प्रत्येक थराला पावडर पसरण्यासाठी दहा सेकंद धरले, तर नुसत्या पसरण्यातच १५,००० सेकंद, म्हणजे चार तासांहून अधिक वेळ जातो. लेझरचा वेळ वेगळाच. तोच ब्रॅकेट आडवा केला आणि उंची २० मिलिमीटरवर आली, तर हा वेळ दीड तासाच्या आत येतो. इथे विद्यार्थी लगेच आडव्या मांडणीच्या बाजूने कौल देतात. तेव्हा त्यांना आडव्या जॉबचे प्रत्येक थरातील क्षेत्रफळ, त्यातून वाढणारा अवशिष्ट ताण (गार झाल्यावर धातूत अडकून राहणारा ताण), खाली लागणारे सपोर्ट आणि ते काढण्यासाठी लागणारे श्रम यांचा हिशेब करायला लावावा. एकच योग्य उत्तर नसते. कारणासह घेतलेला निर्णय असतो.

प्लास्टिकवरून धातूकडे जाताना सर्वांत मोठा गैरसमज सपोर्टबाबत होतो. प्लास्टिकच्या छपाईत सपोर्ट मुख्यतः लोंबणारा भाग तोलून धरतो. पावडरच्या थरात वितळणाऱ्या धातूत सपोर्ट उष्णता खाली, जॉब जिच्यावर छापला जातो त्या प्लेटपर्यंत पोहोचवतो आणि गार होताना वर उचलला जाऊ पाहणारा भाग खाली खेचून धरतो. म्हणजे तो टेकूही असतो आणि नांगरही. आडव्या पातळीपासून ४५ अंशांपेक्षा कमी कोनात झुकलेल्या पृष्ठभागाला सपोर्ट लागतो, हा ढोबळ नियम दोन्हीकडे सांगितला जातो, पण त्यामागची कारणे वेगळी आहेत. आडव्या गोल छिद्राचा वरचा भाग टोकदार केला, तर आतला सपोर्ट टाळता येतो, हा उपाय विद्यार्थ्यांना कारण समजले की बहुधा स्वतःच सुचतो.

तिसरा टप्पा : उष्णतेचा हिशेब

अभ्यासक्रमाचा गाभा हाच आहे आणि येथे घाई करू नये. लेझर पावडर बेड यंत्रात, म्हणजे पावडरचा थर पसरून तो लेझरने वितळवणाऱ्या यंत्रात, पावडरचे कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे, थर ३० ते ६० मायक्रॉनचा आणि लेझरचा ठिपका सुमारे १०० मायक्रॉन व्यासाचा असतो. हा ठिपका सेकंदाला शेकडो मिलिमीटर वेगाने सरकत धातूचे लहानसे कुंड वितळवत जातो आणि ते सेकंदाच्या अगदी अल्पशा भागात गोठते. गार होण्याचा दर सेकंदाला लक्षावधी अंशांच्या घरात जाऊ शकतो. ओतकामात किंवा वेल्डिंगमध्ये विद्यार्थ्यांनी पाहिलेल्या सूक्ष्मरचना येथे का दिसत नाहीत, याचे उत्तर या एका आकड्यात दडलेले आहे. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूत, म्हणजे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूत, छपाईनंतर सुईसारखी मार्टेन्साइट रचना आढळते. त्यामुळे मजबुती वाढते, पण ताणल्यावर लांबण्याची क्षमता घटते.

त्यानंतर ऊर्जा घनतेचे सूत्र द्यावे : लेझरची शक्ती भागिले वेग, हॅचचे अंतर (लेझरच्या शेजारशेजारच्या दोन रेषांमधले अंतर) आणि थराची जाडी यांचा गुणाकार. २०० वॅट, सेकंदाला ८०० मिलिमीटर, ०.१ मिलिमीटर हॅच आणि ०.०४ मिलिमीटर थर घेतला, तर घन मिलिमीटरला ६२.५ ज्यूल येतात. आता शक्ती ४०० वॅट आणि वेग १६०० करून पाहावा. उत्तर तेच येते. दोन्ही जॉब सारखेच होतील का, असा प्रश्न विचारून तास तिथेच संपवावा. पुढच्या तासाला सांगावे, की होणार नाहीत. जास्त शक्ती आणि जास्त वेगात मेल्ट पूल, म्हणजे वितळलेल्या धातूचे कुंड, लांबट होतो, अस्थिर होतो आणि त्याचे तुटून गोळे बनू शकतात; शिवाय या सूत्राला लेझरच्या ठिपक्याचा व्यास ठाऊक नाही, धातू प्रकाश किती शोषतो हेही ठाऊक नाही. तांबे आणि ॲल्युमिनियम सुमारे एक मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात आणि म्हणूनच तांब्यासाठी हिरवा लेझर वापरणारी यंत्रे आली. सूत्र उपयोगी आहे, पण ते तुलनेचे साधन आहे, पाककृती नव्हे, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या आकडेमोडीतून शोधले तर ते विसरत नाहीत.

दोषांची ओळख याच चौकटीत करून द्यावी. ऊर्जा कमी पडली की शेजारच्या रेषा किंवा खालचा थर नीट जोडला जात नाही आणि वेड्यावाकड्या, चपट्या पोकळ्या राहतात. त्यांत कधीकधी न वितळलेले कणही दिसतात. ऊर्जा जास्त झाली की धातूची वाफ होऊन खोल विवर तयार होते, ते कोसळले की तळाशी गोलसर पोकळी अडकते. सूक्ष्मदर्शकाखाली पोकळीचा आकार पाहून कारण ओळखणे, हे या विषयातले पहिले खरे कौशल्य आहे. गोलसर पोकळी पावडरच्या कणांत आधीच अडकलेल्या वायूमुळेही येते, ही गुंतागुंत मागाहून सांगितली तरी चालते.

अवशिष्ट ताणासाठी एक प्रयोग मी आवर्जून सुचवेन. मध्ये खांब आणि दोन्ही बाजूंना आडवे हात असलेला, हातांखाली कंगव्यासारखे पातळ दात असलेला नमुना प्लेटवर छापावा. उष्णतोपचार न करता वायर ईडीएमने (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्राने) ते दात आडवे कापले, की दोन्ही हातांची टोके वर उचलली जातात. किती उचलली जातात, ते हाइट गेजने मोजावे. वरचा थर गार होताना आकसू पाहतो, खालचा घट्ट धातू त्याला आकसू देत नाही, म्हणून वरच्या भागात ताण साठतो, हे वाक्य पुस्तकात वाचणे आणि डोळ्यांसमोर पोलाद वाकताना पाहणे यांत फार अंतर आहे. दुसरा तसाच नमुना ताणमुक्तीचा उपचार करून कापावा आणि दोन्ही मोजमापे शेजारी ठेवावीत.

चौथा टप्पा : पावडर आणि सुरक्षितता

प्रयोगशाळेचे दार उघडण्यापूर्वी हा टप्पा लेखी परीक्षेसह पूर्ण झालेला असावा आणि ती परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या विद्यार्थ्याला आत घेऊ नये. यात सवलत ठेवू नये. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम यांची बारीक पावडर हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होऊ शकतो. अशा आगीवर पाणी मारायचे नसते. जळणाऱ्या धातूसाठी असलेले डी वर्गाचे अग्निशामक किंवा कोरडी वाळू हाताशी लागते. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने पावडर ओढू नये. स्फोटरोधक, शक्यतो पाण्यातून गाळणारा क्लीनर हवा. कपडे, बूट आणि यंत्राचे अर्थिंग स्थिर विजेच्या दृष्टीने तपासलेले असावे. हातमोजे आणि योग्य दर्जाचा श्वसन मास्क ही किमान गरज आहे, कारण निकेल आणि क्रोमियम असलेली पावडर श्वासावाटे जाणे घातक असते.

नवखे लोक दोन धोक्यांकडे हमखास दुर्लक्ष करतात. पहिला यंत्राच्या फिल्टरचा : छपाईत उडणाऱ्या वाफेची काजळी त्यात साठते, ती मूळ पावडरीपेक्षा कितीतरी बारीक असते आणि फिल्टर उघडताच पेट घेऊ शकते. फिल्टर बदलण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच, उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने करावे. दुसरा धोका यंत्रात हवेऐवजी भरल्या जाणाऱ्या आर्गॉनचा : या वायूला रंग नाही, वास नाही, तो हवेपेक्षा जड असल्याने खालच्या जागी साचतो आणि माणूस गुदमरल्याचे त्याला स्वतःलाही कळत नाही. खोलीत ऑक्सिजन मापक असावा आणि प्रमाण १९.५ टक्क्यांच्या खाली गेले की त्याने गजर द्यावा.

या सगळ्यामुळे सुरुवात ३१६ एल या स्टेनलेस स्टीलने करणे शहाणपणाचे ठरते. ते तुलनेने शांत आहे, सहज वितळते, नीट जोडले जाते आणि नायट्रोजनमध्येही छापता येते. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम पुढच्या सत्रासाठी किंवा प्रकल्पांसाठी ठेवावेत. एकाच यंत्रात धातू बदलत राहण्याचा मोहही टाळावा. यंत्राच्या कोपऱ्यात राहिलेले परक्या धातूचे थोडे कण पुढच्या जॉबमध्ये दोष निर्माण करतात आणि पूर्ण स्वच्छतेला दिवस जातात.

पावडरची चाचणी विद्यार्थ्यांच्या हाताने व्हावी. हॉल फ्लोमीटरच्या नरसाळ्यातून ५० ग्रॅम पावडर किती सेकंदांत खाली येते ते मोजणे, चाळणीतून मोठे कण वेगळे करणे, सैल भरलेल्या आणि ठोकून बसवलेल्या पावडरच्या घनतेची तुलना करणे, एवढे पुरे. पावडर नरसाळ्यात अडकून बसली, तर तो प्रयोग फसला असे समजू नये. ओलावा, बारीक कणांचे प्रमाण किंवा कणांचा आकार यांपैकी काय आडवे आले, हे शोधणे हाच मग प्रयोग होतो. नव्या आणि पुन्हा वापरलेल्या पावडरची नोंदवही वेगळी ठेवावी.

पाचवा टप्पा : धातूचे यंत्र नसेल तर

यंत्र नाही म्हणून विषय थांबवण्याचे कारण नाही. धातूची पावडर आणि प्लास्टिकसारखा बाइंडर यांची तार साध्या प्रिंटरवर छापता येते. नंतर बाइंडर काढून भट्टीत सिंटर करण्याचे काम बाहेरून करून घेता येते. यात जॉब प्रत्येक बाजूने साधारण पंधरा ते वीस टक्के आकसतो आणि उंचीत थोडा अधिक आकसतो, म्हणून छापतानाच तो मोठा करावा लागतो. ही सूट काढणे, छापणे, परत आलेला जॉब मोजणे आणि फरकाचे कारण देणे, हा स्वतंत्र प्रयोग आहे.

कार्यशाळेत मिग वेल्डिंगचा रोबो असेल, तर त्याहून चांगले. तारेचे थर एकावर एक चढवून सरळ भिंत उभारता येते. थर एकदोन मिलिमीटर उंचीचे असल्याने मेल्ट पूल उघड्यावर, अर्थात वेल्डिंगच्या काचेतून, पाहता येतो. उष्णता साठत गेल्यावर वरचे थर रुंद कसे होतात आणि दोन थरांमध्ये थांबल्याने काय फरक पडतो, हे तापमान मोजून दाखवता येते. लेझरच्या बंद यंत्रापेक्षा हा प्रकार उष्णतेबद्दल अधिक शिकवतो, असे माझे मत आहे.

सहावा टप्पा : पहिली बिल्ड प्लेट

पहिल्या प्लेटवर शोभेची वस्तू छापू नये. दहा मिलिमीटर बाजूचे घन, उभे आणि आडवे ताण-नमुने (ताणून मजबुती तपासण्यासाठी), वर सांगितलेला हातांचा नमुना आणि विद्यार्थ्यांनी रचलेला एखादा लहान ब्रॅकेट, एवढ्यावर प्लेट भरते. घनांसाठी वेग किंवा शक्ती मुद्दाम बदलावी, म्हणजे चांगले आणि वाईट दोन्ही नमुने हाती येतात. लांब सरळ कड रिकोटरच्या, म्हणजे पावडर पसरणाऱ्या भागाच्या, पात्याला समांतर ठेवू नये. जॉब पाच-दहा अंशांनी फिरवला, की पाते सगळ्या कडेला एकदम धडकत नाही. पोकळ भागाला पावडर निघून जाण्याची वाट आहे ना, हे छपाईपूर्वी तपासावे.

प्रत्येक गटाने आपला अंदाज आधी लिहून द्यावा : कोणता घन सर्वांत सच्छिद्र असेल, कोणता कोपरा उचलला जाईल, कोणता सपोर्ट तुटेल. ही वही अध्यापकाकडे जमा झाल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

छपाईनंतरचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलून चालत नाही. आधी पावडर पूर्ण काढावी, कारण भट्टीत गेल्यावर वाहिन्यांत राहिलेली पावडर तिथेच चिकटून बसते. मग जॉब प्लेटवर असतानाच ताणमुक्तीचा उपचार करावा. नंतरच प्लेटवरून कापावे, सपोर्ट काढावेत आणि शेवटी मशीनिंग करावे. मशीनिंगसाठी जॉब कुठे आणि कसा पकडायचा, याचा विचार डिझाइन करतानाच झालेला असावा. छापलेला सुंदर, वळणदार ब्रॅकेट मिलिंगच्या व्हाइसमध्ये धरताच येत नाही, अशी वेळ बऱ्याच गटांवर येते.

सातवा टप्पा : तोलणे, कापणे, पाहणे

घनतेचे मोजमाप आर्किमिडीजच्या तत्त्वाने साध्या तराजूवर होते. समजा, स्टीलच्या घनाचे वजन हवेत ७.८६० ग्रॅम आणि २५ अंश तापमानाच्या पाण्यात ६.८६८ ग्रॅम भरले. फरक ०.९९२ ग्रॅम. त्या तापमानाला पाण्याची घनता ०.९९७ धरली, तर घनाची घनता घन सेंटिमीटरला ७.९० ग्रॅम येते. संदर्भ घनता ७.९९ धरली तर हा घन ९८.९ टक्के भरीव आहे. पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा एखादा बुडबुडाही उत्तर बिघडवतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून आणि प्रत्येक घन पुनःपुन्हा तोलून पाहावे.

त्यानंतर तोच घन कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. पोकळ्या किती आहेत याहून त्या कुठे आहेत आणि कशा आकाराच्या आहेत, हे महत्त्वाचे असते. पृष्ठभागाजवळची एक चपटी पोकळी आतल्या अनेक गोल पोकळ्यांपेक्षा थकवा-आयुष्याला (वारंवार भार पडूनही भाग किती टिकतो याला) जास्त मारक ठरू शकते. उच्च दाब आणि तापमानाखाली पोकळ्या मिटवण्याची हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगची प्रक्रिया येथे शिकवावी आणि पृष्ठभागापर्यंत उघड्या असलेल्या पोकळ्या तिने मिटत नाहीत, हेही सांगावे, कारण दाबाचा वायू त्यांच्या आत शिरतो.

आठवा टप्पा : प्रकल्प आणि गुण

सत्राच्या शेवटी प्रकल्प देताना पहिला प्रश्न असा असावा : हा भाग छापायचाच कशाला? जनरल इलेक्ट्रिक आणि साफ्रान यांच्या संयुक्त कंपनीच्या लीप या विमान-इंजिनातील इंधन नोझलचे टोक पूर्वी सुमारे वीस तुकडे जोडून बनत असे, ते छपाईने एकसंध झाले. तिथे छपाईचे कारण स्पष्ट आहे. साधा फ्लँज किंवा सरळ शाफ्ट लेथवर स्वस्तात आणि अधिक अचूक होतो. छपाई टाळावी, असा निष्कर्ष आकडेवारीनिशी मांडणाऱ्या गटालाही पूर्ण गुण मिळायला हवेत.

गुणांची विभागणी करताना छापलेल्या वस्तूला कमीत कमी वजन द्यावे. आधी लिहिलेला अंदाज, मोजमापे, आणि अंदाज व वास्तव यांतल्या फरकाचे स्पष्टीकरण यांना अधिक गुण असावेत. ज्या गटाचा जॉब अर्ध्यात उचलला गेला आणि रिकोटरला धडकला, त्याने कारण शोधून सुधारित मांडणी दिली असेल, तर त्याचे काम निर्दोष जॉब घेऊन गप्प बसलेल्या गटापेक्षा वरचे मानावे. तोंडी परीक्षेत दुसऱ्या गटाच्या नमुन्याचे सूक्ष्मचित्र समोर ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात : ही पोकळी कशामुळे आली असावी, ते तपासण्यासाठी आणखी काय मोजाल, आणि पुढच्या प्लेटवर नेमकी कोणती एक गोष्ट बदलाल.